काउंट्रीचा चार्ट २०१२ सालीच बुडाला, आता उगाच विक्रम मोजू नका

तबकडीवाला

गेल्या शनिवारी मित्र जेवायला आला होता. मागे अमेरिकन काउंट्रीची (तिकडच्या गावाकडच्या वळणाच्या गाण्यांची) प्लेलिस्ट लावलेली. बेबे रेक्सा आणि फ्लोरिडा जॉर्जिया लाइनचं 'मेंट टू बी' लागल्यावर साहेब म्हणाले, "हे काउंट्रीच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं गाणं. तब्बल ५० आठवडे नंबर वन!" मी डाळ वाढता वाढता थांबलो.

५० आठवडे खरे आहेत. पण कुठल्या चार्टवर, हे कुणी विचारतच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बिलबोर्ड हे अमेरिकेतलं संगीतधंद्याचं नियतकालिक, दर आठवड्याला क्रमवारी काढतं. सगळ्या गाण्यांची मिळून ती 'हॉट हंड्रेड', ऑगस्ट १९५८ पासून. काउंट्रीची यादी त्याहून जुनी, जानेवारी १९४४ ची. तेव्हा 'काउंट्री' हा शब्दही त्यावर नव्हता, 'फोक' म्हणत. आणि मोजायचे काय, तर ज्यूकबॉक्स. हॉटेलात, बारमध्ये नाणं टाकून लोक कुठली तबकडी वाजवतात ते. पुढे दुकानातली विक्री आणि रेडिओ यांच्या वेगळ्या याद्या आल्या, १९५८ मध्ये सगळ्यांची एक झाली. कालांतराने ती निव्वळ रेडिओवर आली आणि १९९० पासून तर काउंट्री स्टेशनांवर काय वाजतं ते संगणकच ऐकून नोंदवू लागला. म्हणजे नंबर वन याचा अर्थ साधा होता: या आठवड्यात काउंट्री स्टेशनांनी हे गाणं सगळ्यात जास्त वाजवलं.

ऑक्टोबर २०१२ मध्ये बिलबोर्डने हा नियम मोडला. आता डाउनलोड, स्ट्रीमिंग आणि कुठल्याही प्रकारच्या स्टेशनवर वाजलेलं गाणं, सगळं धरायचं. पहिल्याच आठवड्यात टेलर स्विफ्टचं एक गाणं २१ व्या क्रमांकावरून थेट १ वर. काउंट्री स्टेशनांना त्या आठवड्यात ते अचानक आवडू लागलं होतं का? नाही. पॉप स्टेशनांवर ते वाजत होतं, ते वाजणं आता इकडे जमा झालं. भजन स्पर्धेला परीक्षक म्हणून डीजेच्या मिरवणुकीतली गर्दी आणून बसवावी, तसला प्रकार.

परिणाम बघा. एडी अर्नोल्ड (१९४७), हँक स्नो (१९५०) आणि वेब पिअर्स (१९५५) या तिघांचा २१ आठवड्यांचा विक्रम कुणाच्याच हाती लागत नव्हता. १९९० ते २०१२ या काळात तर कुणी ८ आठवड्यांच्या वर टिकलं नाही. आणि नियम बदलल्यावर? २०१३ मध्ये 'क्रूझ' २४ आठवडे, त्यातही नेली या रॅपरला घेऊन केलेल्या रिमिक्सचा मोठा हात. २०१७ मध्ये सॅम हंटचं एक गाणं ३४. मग हे ५०. पाच-सहा वर्षांत माणसं एवढी मोठी झाली की फूटपट्टी लहान झाली?

माझं म्हणणं: २०१२ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका ओळीत मांडणं बंद करा.

खडीसाखर

शेवटच्या वाक्याशी सहमत, बाकी सगळ्याशी असहमत.

तुम्ही लिहिलंय त्यावरून वाटतं, २०१२ पर्यंत कुणी सोन्याचा काटा घेऊन बसलं होतं. एक उदाहरण देते. 'आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू' हे डॉन गिब्सनचं गाणं. त्याने स्वतः गायलेलं १९५८ साली काउंट्री चार्टवर पहिल्या दहांत होतं. १९६२ मध्ये तेच गाणं रे चार्ल्सने गायलं. अल्बमच्या नावातच 'काउंट्री अँड वेस्टर्न' असे शब्द. हॉट हंड्रेडवर ५ आठवडे नंबर वन. काउंट्री चार्टवर? नावच नाही. शेवटचंसुद्धा नाही.

गाणं तेच, शब्द तेच. एक गायक गोरा, एक काळा. तुमचा साधा अर्थ, "काउंट्री स्टेशनांनी वाजवलं", त्यात हे सगळं गपचूप बसतं. स्टेशनांनी वाजवलं नाही, म्हणून चार्टवर नाही. चार्टवर नाही, म्हणून ते काउंट्री नाही. झालं!

तबकडीवाला

@खडीसाखर, रे चार्ल्सचा मुद्दा मान्य, लाजिरवाणाच आहे. पण मग चार्ली प्राइडचं काय करायचं? तोही काळाच, मिसिसिपीचा, कापसाच्या शेतात वाढलेला. याच रेडिओच्या चार्टवर १९६९ ते १९८३ मध्ये २९ नंबर वन. दार बंदच असतं तर २९ वेळा आत कसा गेला?

खडीसाखर

कसा गेला ते पण लिहा की. त्याच्या सुरुवातीच्या तबकड्या कंपनीने फोटो न लावता स्टेशनांना पाठवल्या. आवाज आधी, चेहरा मागाहून. दार उघडं होतं म्हणे! बुरखा घालून यावं लागत असेल तर त्याला उघडं म्हणत नाहीत.

गोदाकाठ

गोऱ्यांचीही फार वेगळी गत नव्हती. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर गिटार हातात आलेला प्रत्येक पोरगा जे पहिलं गाणं बडवायचा ते जॉन डेन्व्हरचं 'कंट्री रोड्स' (आम्ही 'कंट्री'च म्हणायचो, तुमचं 'काउंट्री' वाचून दुकानाच्या काउंटरवरच्या बरणीची आठवण येते). १९७१ मध्ये हॉट हंड्रेडवर २ पर्यंत गेलं. काउंट्री चार्टवर किती? ५०. नावातच 'कंट्री' असलेलं गाणं पन्नासावं. १९७५ मध्ये काउंट्रीवाल्यांच्या वार्षिक पुरस्कार सोहळ्यात त्याचं नाव जाहीर करताना गायक चार्ली रिचने मंचावरच लायटर काढून ती चिठ्ठी पेटवली. पेटवण्यामागे नक्की काय होतं यावर अजून वाद आहेत, पण दृश्य यूट्यूबवर आहे, बघाच.

तबकडीवाला

बरणी! हा हा. उच्चारावर वेगळा धागा काढा, इथे नको.

पण तुम्ही दोघंही माझ्याच बाजूने बोलताय. काउंट्री चार्ट म्हणजे त्या बिरादरीची पसंती. बिरादरी कर्मठ होती, पक्षपाती होती, कबूल. पण त्या काळचा चार्ट पाहिला की ती कशी होती हे कळतं तरी. आताच्या खिचडीतून काय कळतं?

डॅलसकर

१७ वर्षं इथे आहे, रोज दीड तास गाडीत काउंट्री स्टेशन. दोन गोष्टी.

एक, जुना चार्ट मेलेला नाही. बिलबोर्ड रेडिओची यादी 'काउंट्री एअरप्ले' या नावाने अजून काढतं. दोन्ही शेजारी ठेवल्या की गंमत कळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बियॉन्सेचं 'टेक्सस होल्डेम' आलं. २०१२ नंतरच्या मिश्र चार्टवर पहिल्याच आठवड्यात १, असं करणारी पहिली काळी स्त्री. एअरप्लेवर ते पहिल्या तिसातही आलं नाही. माझ्या स्टेशनवर मी ते मोजून तीनदा ऐकलं. आणि त्याच वर्षी शबूझीचं बारचं गाणं: हॉट हंड्रेडवर १९ आठवडे, आणि एअरप्लेवरही १. तोही काळाच. तेव्हा एका कारणात सगळं बसवू नका.

दोन, तबकडीवाले म्हणतात "बिरादरीची पसंती". अहो, बिरादरीला विचारतो कोण? गावोगावच्या स्टेशनांच्या याद्या मूठभर मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत ठरतात. मी काय ऐकतो हे मी ठरवत नाही, मी फक्त बटण दाबतो.

सायली_ऐकते

डॅलसकरांच्या दुसऱ्या मुद्द्याला जोड. २०१५ मध्ये रेडिओच्या एका सल्लागाराने धंद्याच्या पत्रात उघड सल्ला दिला होता: सॅलडमध्ये लेट्यूस म्हणजे पुरुष गायक, बायका म्हणजे टोमॅटो. थोडेच घालायचे. ऐकणारे पळतात म्हणे. हा तुमचा निर्मळ चार्ट. एखाद्या बाईचं गाणं कितव्या क्रमांकावर अडकलं हे पाहून तिच्या गाण्याबद्दल काही कळत नाही, सॅलड कोण चिरतंय ते कळतं.

जुना_रेडिओ

आकड्यांच्या बाबतीत मला 'शुद्ध काळ' हा शब्दच पटत नाही. ऐंशीच्या दशकातली काउंट्रीची यादी उघडा. जवळजवळ दर आठवड्याला नवा नंबर वन. लोकांची आवड दर सोमवारी बदलत होती का? नाही. स्टेशनं आपली यादी स्वतः कळवत, कंपन्यांची माणसं फोन करकरून गाणं वर चढवत, वर पोचलं की पुढच्याची पाळी. नळाच्या रांगेतल्या हंड्यांसारखं. कॉनवे ट्विटीचे ४० आणि जॉर्ज स्ट्रेटचे ४४ नंबर वन यांतले बरेच त्या काळातले. गायक थोर आहेत, पण ४० हा आकडा एडी अर्नोल्डच्या २१ आठवड्यांशी कसा तोलणार?

दुकानांचंही तसंच. १९९१ पर्यंत अल्बमची क्रमवारी दुकानदाराने फोनवर "हे बरं खपतंय" म्हटलं त्यावर. मे १९९१ मध्ये बारकोडने खरी विक्री मोजायला लागले आणि सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रूक्सचा 'रोपिन द विंड' पहिल्याच आठवड्यात सगळ्या अमेरिकेत १. काउंट्रीचा अल्बम असा थेट शिखरावर उतरण्याची ती पहिलीच वेळ. काउंट्री घेणारे लोक काय आदल्या रात्री जन्मले होते? आधीही घेतच होते, कुणी नीट मोजत नव्हतं.

आणि याच गार्थचं आणखी एक. एवढे अल्बम खपले, पण हॉट हंड्रेडच्या पहिल्या चाळिसात त्याचं एकच गाणं, १९९९ मध्ये ५ व्या क्रमांकावर. तेही ख्रिस गेन्स नावाच्या काल्पनिक रॉक गायकाचं सोंग घेऊन, केसांचा टोप लावून! कारण काउंट्रीवाले सुटं गाणं फारसं विकायलाच काढत नसत, आणि डिसेंबर १९९८ पर्यंत जे सुटं विकत मिळत नाही ते हॉट हंड्रेडमध्ये धरतच नसत. 'फ्रेंड्स इन लो प्लेसेस' तिथे १९९० साली फिरकलंच नाही. आज अमेरिकेतल्या कुठल्याही बारमध्ये ते लागलं की सगळे गळा काढतात.

(आपल्याकडे बिनाकाच्या पायदानांवरूनही अशीच भांडणं व्हायची. रेकॉर्डची विक्री किती धरायची आणि श्रोता संघांची मतं किती! आमच्या वाड्यात एका बुधवारी दोन काका यावरून बोलेनासे झाले.)

तबकडीवाला

@जुना_रेडिओ, ऐंशीच्या दशकाबद्दल निरुत्तर. हंड्यांची रांग चोरतोय, सांगून ठेवतो.

मग माझं म्हणणं थोडं आवरतं घेतो. आधीच्या चार्टमध्येही खोट होती, पण प्रश्न एकच होता, काउंट्री रेडिओ काय वाजवतो. २०१२ नंतर प्रश्नच दोन झाले: अमेरिका काय ऐकते, आणि त्यातलं काउंट्री कुठलं. दुसऱ्याचं उत्तर बिलबोर्डच्या कचेरीतली माणसं देतात. मार्च २०१९ आठवा. लिल नॅस एक्सचं 'ओल्ड टाउन रोड' काउंट्री चार्टवर १९ व्या क्रमांकावर आलं आणि पुढच्या आठवड्यात यादीतून काढलं. आजच्या काउंट्रीचे गुण त्यात पुरेसे नाहीत म्हणे. ३० डॉलरला विकत घेतलेल्या बीटवर पोराने केलेलं गाणं. मग काउंट्री गायक बिली रे सायरसला घेऊन रिमिक्स, आणि हॉट हंड्रेडवर १९ आठवडे १, त्यावेळचा विक्रम. काउंट्री चार्टवर मात्र परत घेतलंच नाही. जुन्या पद्धतीत स्टेशनांनी वाजवलं नाही तर नाही, निदान कारण दिसतं. इथे लोक ऐकताहेत, आकडे आहेत, आणि एक माणूस खोडरबर घेऊन बसलाय.

खडीसाखर

खोडरबराबद्दल शंभर टक्के बरोबर. पण १९६२ साली खोडायची गरजच पडली नाही, कारण कुणी लिहिलंच नव्हतं. मला खोडलेलं परवडतं. निदान सगळ्यांना दिसलं, ओरड झाली, त्या ओरडीनेच गाणं आणखी मोठं झालं.

ट्रेसी चॅपमनचं 'फास्ट कार' घ्या. १९८८ मध्ये हॉट हंड्रेडवर ६, काउंट्रीवाल्यांनी ढुंकून पाहिलं नाही. २०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्सने जवळजवळ जसंच्या तसं गायलं, हॉट हंड्रेडवर २ आणि तुमच्या लाडक्या एअरप्लेवर १. एकटीने लिहिलेलं गाणं तिथे पहिलं आलेली ती पहिली काळी स्त्री. गाण्याला मधली ३५ वर्षं लागली. काय बदललं त्यात? मला तर गायकाशिवाय काही दिसत नाही.

सायली_ऐकते

+१. आणि कोम्ब्सने तिचे शब्दही बदलले नाहीत, "चेकआउट गर्ल" तसंच ठेवलं. दाढीवाला बाप्या काउंटरवरची पोरगी म्हणून गातो, आणि ते शोभतं.

डॅलसकर

ऑगस्ट २०२३ मध्ये हॉट हंड्रेडचे पहिले तिन्ही काउंट्री होते: जेसन अल्डीन, मॉर्गन वॉलन, ल्यूक कोम्ब्स. असं पहिल्यांदाच. त्या आठवड्यात ऑफिसातल्या टेक्सन मंडळींना विचारलं, तर निम्म्यांच्या मते तिघांतला एकही काउंट्री नव्हता. एकाने तर जॉर्ज स्ट्रेटनंतर काउंट्री संपलं असं जाहीर करून टाकलं. त्याचे वडील म्हणे हेच जुन्या जमान्यातल्या हँक विल्यम्सबद्दल सांगायचे.

तबकडीवाला

खडीसाखर, 'फास्ट कार'वर माझ्याकडे उत्तर नाही. एअरप्लेला 'लाडकी' म्हटल्याचा मात्र निषेध.

धागा मित्राला पाठवला होता. सगळा वाचला म्हणतो. उत्तर आलं: "ते सगळं ठीक आहे, पण ५० हे २१ पेक्षा जास्तच ना?" शनिवारी परत येतोय. या वेळी डाळ त्यालाच करायला सांगितली आहे.