सार्वजनिक ठिकाणची रीतभात: नेमकी कुठे आणि का सुटते? (अनुभव धागा)

‘हल्ली लोकांना काही रीतच राहिली नाही’ हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. या धाग्यावर तेवढं नको. ज्या जागेची तुम्हाला खडान्‌खडा माहिती आहे, तिथली रीत काय होती, कशासाठी होती आणि आता कोणत्या ठिकाणी मोडते, एवढंच लिहा. ‘माझ्या बाबतीत एकदा काय झालं’ या चालीची गाऱ्हाणी नकोत, त्यासाठी दुसरे धागे भरपूर आहेत. प्रवास, नाट्यगृह, पंगत, गड, दवाखाना, काहीही चालेल.

गेटवरचा

लोकलच्या दुसऱ्या वर्गापासून सुरुवात करतो. मधल्या स्टेशनावर गाडी वीस-तीस सेकंद थांबते. तेवढ्यात एकेका दारातून पंधरा-वीस माणसं उतरायची आणि तितकीच चढायची. हे गणित फलाटावर सुटत नाही, आधीच्या स्टेशनातच सुटतं. उतरणारा एक स्टेशन आधी उठतो, पॅसेजमध्ये येतो आणि पुढच्याला विचारतो, ‘दादर उतरणार?’ ‘हो’ आलं तर त्याच्यामागे उभं राहायचं. ‘नाही’ आलं तर दोघांनी अर्धं वळून जागा बदलायची. गाडी चालू असताना कितीही गर्दीत दोन माणसं अशी अदलाबदल करू शकतात. गाडी थांबल्यावर मागून लोट आला की ते जमत नाही. शिवाय फलाट कोणत्या बाजूला येणार तेही आधीच विचारून घ्यायचं, कारण एकाच स्टेशनात स्लोचा आणि फास्टचा फलाट वेगवेगळ्या बाजूंना असू शकतो. फलाटावरच्यांनी दाराच्या दोन्ही कडांना थांबायचं. मधला दांडा आणि त्याच्या आजूबाजूची जागा उतरणाऱ्यांची.

आता मोडतं कुठे? कानात. इअरफोन असला की ‘उतरणार का?’ ऐकूच जात नाही. मग खांद्याला हात लावावा लागतो, आणि खांद्याला हात लावला की ‘धक्का का मारतो’ सुरू. बाहेरून बघणाऱ्याला हा उर्मटपणा वाटतो. बऱ्याचदा तो निव्वळ बहिरेपणा असतो.

दुसरं कारण सॅक. लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली भरलेली सॅक पाठीवर असली की एका उभ्या माणसाची जागा खाते, आणि मालक वळला की मागच्याच्या तोंडावर बसते. ती पुढे छातीवर घ्यायची, नाहीतर ‘जरा वर ठेवता?’ म्हणत हातोहात रॅकवर पोचवायची. उतरताना तशीच हातोहात परत येते. डब्यातली ही व्यवस्था अजून शाबूत आहे, वापरणारे कमी झालेत.

चौथ्या सीटचंही सांगतो. बाक तिघांचा, पण चौथा जवळ येऊन उभा राहिला की तिघं न सांगता सरकतात. चौथ्याने निम्म्या अंगावर बसायचं आणि जास्त मागायचं नाही. हा न बोललेला करार आहे. मांड्या फाकवून बसणारा एकच जण तो मोडतो.

लेडीज_डबा

आमच्याकडे वेगळी पद्धत. ‘तुम्ही कुठे?’ ‘घाटकोपर.’ ‘मग मला द्या हं.’ झालं, सीट ठरली. नंतर आलेल्या बाईने विचारलं तर बसलेली सांगते, ‘दिलीय’, आणि कुणाला दिलीय ते बोट दाखवून सांगते. मग ती तिसरी बाई त्या दुसरीला विचारते. अशी साखळी तीन-चार जणींपर्यंत जाते आणि बहुतेक वेळा बिनबोभाट पार पडते.

बिघडतं ते ग्रुपमुळे. ग्रुपमधली एक बाई आधी चढते आणि पुढच्या स्टेशनावरच्या मैत्रिणींसाठी पर्स, डबा, छत्री टाकून तीन जागा धरते. साखळीत उभ्या असलेल्या माणसाचा नंबर लागतो. इथे नसलेल्या माणसाचा नंबर आधी लागतो. भांडणं होतात ती याच फरकावरून.

गेटवरचा

पुरुषांच्या डब्यातली एक जुनी रीत सांगायची राहिली. लांबच्या गाडीत कल्याण-बदलापूरकडून बसून आलेला माणूस अर्ध्या वाटेवर स्वतःहून उठतो आणि उभ्या असलेल्याला बसवतो. रोजच्या ओळखीच्या गाडीत हे चालतं, कारण उद्या तो मला उठून देईल याची खात्री असते. ओळख नसलेल्या गाडीत ती खात्री नाही, म्हणून रीतही नाही. चांगुलपणा कमी झाला म्हणण्यापेक्षा रोजची गाडी ठरलेली राहिली नाही, असं म्हणेन.

एसी लोकल (पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ पासून) हा वेगळाच प्रकार. तिथे दार बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही. शेवटच्या क्षणी पाय किंवा बॅग घालणारा एकटा माणूस पूर्ण गाडी थांबवतो. साध्या लोकलमध्ये लटकणं हा ज्याचा त्याचा जिवाचा प्रश्न होता. इथे तोच हट्ट बाकी सगळ्यांच्या वेळेवर पडतो, आणि ही नवी रीत अजून कुणी कुणाला शिकवलेली नाही.

डबल_बेल

एसटीबद्दल. दोरी ओढून एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ही कंडक्टर आणि ड्रायव्हरमधली भाषा आहे. स्टॉप हवा असेल तर कंडक्टरला सांगायचं, स्वतः दोरी ओढायची नाही. कारण साधं आहे. मागच्या दारात कोण चढतंय, कोण उतरतंय हे ड्रायव्हरला दिसत नाही, तो फक्त बेलवर भरवसा ठेवतो. कुणी गंमत म्हणून दोनदा ओढली तर पायरीवरचा माणूस खाली.

खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणं ही काही जुनी सभ्यता नव्हे, पण तिलाही नियम होते. एक रुमाल, एक सीट, आणि रुमालवाला त्याच गर्दीतून चढत असला पाहिजे. आता एकाच पिशवीतून चार वस्तू चार सीटांवर पडतात.

आणि ज्यावर कुणी लिहीत नाही ते लिहितो: उलटी. घाटात पुढच्या खिडकीतून उलटी केली की वाऱ्याने ती मागच्या दोन-तीन खिडक्यांत येते. ज्याला लागते त्याने गाडीत बसतानाच कंडक्टरला सांगावं, पुढच्या चाकाच्या आसपासची सीट मागावी, प्लॅस्टिकची पिशवी हातात ठेवावी (बॅगेत नव्हे, हातात), आणि अगदी खिडकीच गाठावी लागली तर मागच्याला ‘काच लावा’ एवढं ओरडावं. ते दोन शब्द ऐकू आले की लोक रागावत नाहीत, उलट पाण्याची बाटली पुढे करतात. गुटख्याच्या पिचकारीला मात्र ही सवलत नाही. ती आधी सांगून येत नाही.

घाटवळण

रस्त्यावरचे शिष्टाचार लोकांना ऐच्छिक वाटतात. त्यातले बरेच कायद्यातच आहेत.

अरुंद घाटात समोरासमोर आल्यावर उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हा लेखी नियम आहे. कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलताना क्लच जळतो, गाडी मागे घरंगळते, आणि मागे दुसरी गाडी चिकटलेली असते. उतरणाऱ्याला फक्त ब्रेक सोडायचा असतो. वरंधा असो की ताम्हिणी, पावसाळ्यात वीकेंडला होणारी कोंडी बघा. बऱ्याचदा सुरुवात अशाच एका उतरणाऱ्या गाडीपासून होते. ती थांबत नाही, मग तिच्यामागचे ओव्हरटेक करून दुसरी रांग लावतात, आणि दोन्ही बाजूंना मागे सरकायला जागा उरत नाही. कोंडी दिसली तर आपल्या रांगेत थांबा. दुसरी रांग लावली की संपलं.

डिपर: समोरची गाडी दिसताच अपर (लांब पडणारा हेडलाइट) सोडून खाली आणायचा. समोरच्याने आणला नाही तर एकदा खाली-वर करून खूण करायची. तरी ऐकलं नाही तर आपणही अपर लावून ‘धडा शिकवायचा’ नाही, कारण मग दोघेही आंधळे. डाव्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवून वेग कमी करायचा.

हॉर्न: विनाकारण किंवा शांतता क्षेत्रात वाजवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४एफ प्रमाणे पहिल्या वेळी १,००० रुपये, पुढे २,००० रुपये दंड. रुग्णवाहिकेला वाट न देणं १९४ई खाली येतं, तिथे दंडाची रक्कम १०,००० रुपये आहे. जानेवारी २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी ‘पनिशिंग सिग्नल’ची चित्रफीत काढली होती. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. लोक हसले, पण त्यातला मुद्दा पक्का आहे. सिग्नलला हॉर्न वाजवणाऱ्याचं काहीच जात नाही म्हणून तो वाजवतो.

येतो_हं

वर कुणी थँक्यू-प्लीजचा उल्लेख केला नाही, बरं वाटलं. ‘मराठी माणूस कृपया म्हणत नाही’ ही तक्रार जुनी आहे आणि चुकीची आहे. ‘कृपया’ हा पाटीवरचा शब्द. आपली अदब क्रियापदात असते. ‘सरक’, ‘सरका’, ‘सरकता का?’, ‘जरा सरकाल का?’, ‘जरा सरकून घेता का?’ या पाच पायऱ्या आहेत आणि वरच्या पायऱ्यांवर वेगळ्या ‘प्लीज’ची गरज पडत नाही. इथे ‘जरा’ या शब्दाला ‘थोडं’ असा अर्थ नसतो, त्याचं काम फक्त धार काढून टाकणं. आभाराचंही तसंच. ‘बरं झालं हं सांगितलंत’ यात धन्यवाद आहे. निघताना ‘जातो’ नव्हे, ‘येतो’.

शब्दांशिवायचीही रीत होती. गर्दीत पाय लागला की वाकून हात लावायचा आणि तो स्वतःच्या कपाळाला किंवा छातीला न्यायचा. एका सेकंदात माफी मागून, मिळून होते. जागा इतकी दाटीची असली की वाकता येत नाही, तेव्हा नुसता हात छातीकडे नेला तरी समोरच्याला कळतं. हे करणारे तरुण अजून दिसतात, कोट घातलेले कमी दिसतात.

सुटलं ते संबोधन. भाजीवालीला ‘मावशी, कशी दिली?’ म्हणताना पुढे ‘तुम्ही’ यायचं. नात्याचा शब्द आणि आदराचं क्रियापद जोडीने चालायचं. आता घरी पार्सल आणणारा, वॉचमन, हॉटेलातला पोऱ्या यांना थेट ‘ए’ आणि ‘तू’. शहरात आणखी एक गोष्ट झाली. अनोळखी माणूस दिसला की आपण आपोआप मोडक्या हिंदीवर जातो, आणि त्या हिंदीत आपल्याकडे दोनच पायऱ्या असतात: ‘हटो’ आणि ‘हट’. दोन मराठी माणसं ‘जरा बाजू देता?’ म्हणू शकली असती, ती ‘अरे आगे चलो ना’ म्हणत भांडतात.

तिसरी_घंटा

नाटकाचं थोडक्यात. तीन घंटा होतात. वेफर्सचं पाकीट फोडायचं असेल तर तिसरीच्या आधी फोडा, कारण त्याचा चुरचुर आवाज कुजबुजीपेक्षा लांब जातो. रंगमंचाच्या कडेला माइक असतील तर पुढच्या रांगांतली कुजबुजही ते पकडतात, मग ती बाल्कनीतही ऐकू येते. फोन सायलेंटवर टाकून उपयोग नाही. अंधारात स्क्रीन उजळला की चेहरा खालून पेटतो आणि तो शेजाऱ्यालाच नव्हे, नटालाही दिसतो. उशीर झाला तर दारापाशीच थांबा, प्रवेश बदलताना काळोख होतो तेव्हा वाकून जा. मूल रडायला लागलं तर ‘होईल शांत’ म्हणून थांबू नका, लगेच बाहेर न्या. म्हणूनच लहान मूल घेऊन जाताना कडेच्या खुर्च्या मागाव्यात.

टाक्याचं_पाणी

गडांवरची रीत ही सुरक्षेची रीत आहे. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांवर कडेने हात धरायला खोबण्या कोरल्या आहेत. त्या चढणाऱ्याला आणि उतरणाऱ्याला एकाच वेळी पुरत नाहीत. म्हणून एक गट पूर्ण वर आल्याशिवाय दुसऱ्याने उतरायला लागायचं नाही, आणि मध्ये थांबून फोटो काढायचा नाही. सुट्टीच्या दिवशी पायऱ्यांवर रांग अडकते ती याच फोटोमुळे. पायाखालून दगड सुटला तर मोठ्याने ‘दगड!’ ओरडायचं. ‘सॉरी’ नंतर. खालच्याने वर बघायचं नाही, भिंतीला चिकटायचं.

पिण्याच्या टाक्यात पाय, साबण, उष्टी बाटली नाही. पाणी भांड्याने काढून बाजूला जाऊन वापरायचं. हे टाकं उन्हाळ्यात भरत नाही, पावसावर चालतं. एकाने पाय धुतले की पुढे येणाऱ्या सगळ्यांना तेच पाणी.

स्पीकर आणि धूर या दोन गोष्टी कड्याखाली नकोतच. आग्या मोहोळ उठलं की सभ्य-असभ्य बघत नाही.

मिडल_बर्थ

लांबच्या गाडीत एकच नियम पाठ करा. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ उघडता येतो, त्या वेळात खालच्याने अडवायचं नाही. आणि सहानंतर मधल्याने तो पाडून खाली बसायची जागा मोकळी करायची. लोक पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतात.

वाढपी

पंगतीत जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे उभं राहून त्याच्या ताटाकडे बघणं ही अलीकडची मोठी गडबड. त्याला माणसांइतकाच हॉलही जबाबदार आहे. बसायच्या जागेपेक्षा दुप्पट पत्रिका वाटल्या आणि हॉल सोडायची वेळ ठरलेली असली की दुसरं काय होणार? उपाय साधा: पुढच्या पंगतीच्या लोकांना बाहेर सरबत द्यायचं आणि पंगत उठून टेबल पुसल्यावरच दार उघडायचं. बुफेत भाजीचा डाव वरणात टाकू नका. उपवासाचं, बिनकांद्याचं खाणारा माणूस तिथेच उपाशी राहतो.

पाहुणा_रांगेत

@गेटवरचा, सॅक हातोहात वर देताना मधेच कुणाच्या तरी डोक्याला लागते आणि तिथेच वाजतं. काही युक्ती?

गेटवरचा

पट्टे आत खोचा, बाटली बाहेरच्या खिशातून काढून हातात ठेवा, आणि पाठीची सपाट बाजू खाली करून द्या. वर ठेवणाऱ्याला ‘हँडल बाहेर ठेवा हं’ सांगा, म्हणजे उतरताना एका हाताने ओढता येते. आणि उतरायच्या दोन स्टेशनं आधी मागून घ्या. शेवटच्या क्षणी मागितली की ती डोक्यांवरूनच येते.