घड्याळ सुरू कधी होतं?

उपचारासाठीची सरासरी प्रतीक्षा कमी झाली म्हणजे रुग्णालयाचं काम सुधारलं, असं म्हणतात ते मला पटत नाही. ही सरासरी बहुतेक वेळा उपचार झालेल्यांचीच काढतात. जे अजून रांगेत अडकलेत ते तिच्यात नसतातच. समजा, वर्षभर ताटकळलेल्या रुग्णांना एखाद्या रुग्णालयाने आधी घेतलं, तर त्या महिन्याची सरासरी उलट वाढते. म्हणजे जे योग्य वागले तेच कागदावर नापास! इंग्लंडमध्ये २०१५ साली याच कारणाने उपचार पूर्ण झालेल्यांवर आधारलेली दोन उद्दिष्टं काढून टाकली आणि वाट पाहणाऱ्यांपैकी ९२ टक्के लोक १८ आठवड्यांच्या आतले असावेत, एवढं एकच ठेवलं.

दुसरं म्हणजे, प्रतीक्षेची मोजणी सुरू कुठून होते हे फारसं कुणी विचारत नाही. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी रुग्णालयात पोचली की दिवस मोजायला लागतात. ऑस्ट्रेलियात नियोजित शस्त्रक्रियेची प्रतीक्षा नाव यादीत चढल्यावरच सुरू होते. तज्ज्ञाची पहिली भेट मिळेपर्यंत गेलेले महिने त्या आकड्यात येतच नाहीत. दुखरा गुडघा घेऊन बसलेल्या माणसाने ते महिनेही काढलेलेच असतात. त्यामुळे दोन देशांचे आकडे शेजारी मांडण्याआधी व्याख्या वाचा, आणि मध्यकाबरोबर (निम्म्या रुग्णांचा नंबर जितक्या दिवसांत लागतो तो आकडा) नव्वदावा शतमानही (नव्वद टक्क्यांचा नंबर जितक्या दिवसांत लागतो तो आकडा) मागा. सगळ्यात जास्त थांबलेल्या दहा टक्क्यांचे हाल मध्यकात दिसत नाहीत.