मेंटेनन्सला सेवा बंद करायची तर कुलूप लोड बॅलन्सरवर की सर्व्हरवर?

रात्रपाळी:
टीममध्ये दोन आठवडे हाच वाद चालू आहे. डेटाबेसच्या एका मोठ्या टेबलात बदल करायचाय, दीड तास कुणी काही लिहायला नको. सीनियर म्हणतात, सगळ्या सर्व्हरवरची सेवा थांबवा. मला ते अजिबात पटत नाही. सेवा चालू राहू द्या, दार लोड बॅलन्सरवर लावा, म्हणजे बाहेरच्या विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटून देतो त्या पुढच्या थरावर.

एचएप्रॉक्सीत (आमचं लोड बॅलन्सरचं सॉफ्टवेअर) एक नियम टाकला की बाहेरच्या सगळ्यांना ५०३ हा कोड जातो, सोबत 'रिट्राय-आफ्टर' हेडरमध्ये (किती वेळाने पुन्हा या) ५४०० सेकंद, म्हणजे दीड तास. ऑफिसचा आयपी तेवढा वगळायचा. बदल झाला की टेस्टर आत येऊन लॉगिन, पेमेंट, पावती सगळं तपासतो, आणि बाहेर 'काम चालू आहे'ची पाटी तशीच असते. बिघडलं तर गुपचूप मागे फिरता येतं. सेवाच थांबवली तर तपासायचं कुठे? चालू केल्यावर पहिला टेस्टर गिऱ्हाईकच होणार.

आणि ती पाटी २०० ('सगळं ठीक') कोडने देऊ नका, कळकळीने सांगतो. सर्च इंजिन ते खरं पान समजून पाटीच नोंदवून ठेवतं. ५०३ म्हणजे 'तात्पुरतं बंद, नंतर या'.

टेबलवाली:
साफ असहमत. पुढचं दार लावलंत, मागच्या दाराचं काय? लोड बॅलन्सरवरून फक्त बाहेरची वर्दळ येते. क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), रांगेतून मेसेज उचलणारे वर्कर प्रोग्राम, लोड बॅलन्सर टाळून थेट सर्व्हरच्या ८०८० पोर्टवर बोलणारी शेजारची सेवा, यांना तुमचा ५०३ दिसतच नाही.

मी आधी जिथे होते तिथे नेमकं हेच झालं. रात्री १ वाजता दार लावलं, सगळे निश्चिंत. २ वाजता व्याजाची बॅच रोजच्यासारखी उठली आणि अर्धवट बदललेल्या टेबलात लिहायला लागली. काही खात्यांचं व्याज जुन्या कॉलममध्ये, काहींचं नव्या, काहींचं दोन्हीकडे. सकाळी ७ वाजेपर्यंत मी बॅकअपशी एकेक ओळ ताडून बघत होते. ती रात्र विसरलेले नाही. तेव्हापासून आधी ॲप्लिकेशनच्या डेटाबेस युजरचा लिहिण्याचा हक्क काढते, बाकी सगळं नंतर.

रात्रपाळी:
ताई, बॅचचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यातच नव्हता. पण नुसता हक्क काढला तर ॲप ५०० (सर्व्हरमधली चूक) फेकणार. मोबाइलवर 'काहीतरी चुकलं' दिसलं की माणूस पुन्हा 'पैसे भरा' दाबतो. त्याला बंद आहे हे आधीच सांगायला नको का?

घाटवळण:
एक सापळा सांगून ठेवतो. काही जण नियम न लिहिता हेल्थ चेकच (सर्व्हर ठीक आहे का ही लोड बॅलन्सरची तपासणी) मुद्दाम पाडतात. एचएप्रॉक्सीत चालून जातं. मागे एकही सर्व्हर उरला नाही की ते स्वतःच ५०३ देतं. ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरचं उलटं आहे. सगळेच टार्गेट (मागचे सर्व्हर) आजारी दिसले की ते सगळ्यांकडेच विनंत्या पाठवायला लागतं. म्हणजे बंद समजून बसायचं आणि दार सताड उघडं. तिथे फिक्स्ड रिस्पॉन्सचा (ठरलेलं उत्तर लोड बॅलन्सरनेच देण्याचा) नियम लिहा, आणि बाकीच्या नियमांच्या वर.

कडीकोयंडा:
मेंटेनन्सला ठीक, पण सुरक्षेसाठी ही सवय वाईट. डिसेंबर २०२१ मधलं लॉगफोरशेल आठवा, लॉगफोरजे या जावाच्या नोंदी लिहिणाऱ्या लायब्ररीतलं भगदाड. कित्येकांनी लोड बॅलन्सरवर 'जेएनडीआय' (त्या हल्ल्याच्या मजकुरात येणारा शब्द) असलेल्या विनंत्या अडवल्या आणि सुटकेचा श्वास सोडला. हल्लेखोरांनी तोच शब्द तुकडे करून, लॉगफोरजेच्याच लुकअपमध्ये (मजकुरातल्या खुणेच्या जागी किंमत भरणारी सोय) गुंडाळून पाठवला. नियम बघत राहिला, विनंती आत गेली.

घाटवळण:
पण त्या नियमांनीच पॅच लावायला वेळ मिळाला ना? त्या एका महिन्यात २.१५, २.१६, २.१७ अशा आवृत्त्या लागोपाठ आल्या. प्रत्येक वेळी पॅच लागेपर्यंत उघड्यावर बसायचं का?

कडीकोयंडा:
तेवढ्या तासांपुरतं बरोबर. मग नियमाच्या शेजारी काढायची तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव लिहा. 'तात्पुरते' म्हणून टाकलेले नियम मी वर्षभराने काढलेत, आणि तोवर ते कशासाठी होते हे टीममधल्या कुणालाच सांगता येत नव्हतं.

रात्रपाळी:
सीनियरशी बोललो. क्रम असा ठरवतोय: आधी क्रॉन आणि वर्कर थांबवायचे, मग ५०३, मग लिहिण्याचा हक्क काढायचा. टेबल बदलणाऱ्या स्क्रिप्टला वेगळा युजर. तपासणीच्या आधी हक्क परत, दार शेवटी उघडायचं.

टेबलवाली:
आता जमतंय. पण वेबसॉकेट (बराच वेळ उघडं राहणारं कनेक्शन) वापरता का? तुमचा नियम नव्या विनंतीला अडवतो, आधीच जुळलेलं कनेक्शन तसंच चालू राहतं. नियम लागू करायला रीलोड केलंत तरी एचएप्रॉक्सीची जुनी प्रोसेस आपली कनेक्शनं संपेपर्यंत जिवंत असते.

रात्रपाळी:
चॅटला वापरतो. आत्ताच कॉन्फिग बघितलं, 'हार्ड-स्टॉप-आफ्टर' (जुनी प्रोसेस किती वेळाने सक्तीने मारायची) कुठेच दिलेलं नाही. ६० सेकंद टाकून उद्या स्टेजिंगवर (तालमीच्या सर्व्हरवर) चॅट उघडं ठेवून रीलोड करतो, आणि जुनी प्रोसेस खरंच मरते का ते इथे सांगतो.