लेझर मशीनचा धूर वरच्या मजल्यावर जातोय, तातडीने उपाय हवा

मखरवाला
नमस्कार मंडळी. घरी लेझरवर एमडीएफचे (लाकडाचा भुसा गोंदाने दाबून केलेल्या फळीचे) मखर कापतो. गणपती तोंडावर आलेत, ऑर्डरींचे पैसे घेऊन बसलोय आणि धुराने हैराण आहे. पंखा लावून धूर बाहेर सोडलाय, तरी खोलीत कोंडतोच. कपड्यांना वास बसतो. वरच्या काकू रोज दार वाजवतात, काल सेक्रेटरीही येऊन गेले. मशीनच्या स्क्रूंना आणि बेअरिंगना तांबूस गंज चढलाय, तो पावसाळी हवेचा असेल. पंखा कुठला घेऊ एवढंच सांगा. 'घरात लेझर चालवू नका' हा सल्ला कृपया नको.

निळी_रेघ
मशीन डायोड (निळ्या प्रकाशाचं छोटं लेझर) की सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या नळीचं)? किती वॉट? खोक्यात आहे की उघडं? आत्ताचा पंखा कुठला? पाइप किती लांब? आणि 'बाहेर' म्हणजे नेमकं कुठे? हे कळल्याशिवाय पंखा कसा सांगणार?

शांत_संध्याकाळ
एवढं काही नको. चांगला हेपा फिल्टरवाला एअर प्युरिफायर घ्या. आमच्याकडे आहे, उदबत्तीचा धूर दहा मिनिटांत गायब होतो.

निळी_रेघ
@शांत_संध्याकाळ, हेपा धुराचे कण पकडतो, वायू नाही. एमडीएफ बहुधा युरिया फॉर्माल्डिहाइडच्या गोंदाने बांधलेला असतो. तो जळताना निघणारं फॉर्माल्डिहाइड हेपातून आरपार जातं. वायूसाठी अॅक्टिव्हेटेड कार्बन (वायू शोषणारा कोळसा) लागतो, आणि घरगुती प्युरिफायरमधली कार्बनची पातळ जाळी या धुरापुढे किती टिकणार?

बारा_बलुतेदार
तुमचं १० वॉटचं डायोडच असणार. मुळात त्यावर मखराचा धंदा करायचाच कशाला? ४० वॉटची सीओटू घ्या. झटपट कापते, पारदर्शक अॅक्रिलिकही कापते. डायोडचा निळा प्रकाश त्यातून नुसता पार होतो.

मखरवाला
बारा_बलुतेदार, नवीन मशीन घ्यायला पैसे नाहीत आणि ते मी विचारलेलंही नाही.
निळी_रेघ, डायोड, १० वॉटच आहे. उघडं, टेबलावर. पंखा बाथरूमला लावतात तो, ६ इंची. पाइप चिमणीचा असतो तसा, अॅल्युमिनियमचा घडीचा. पंखा मशीनजवळ बसवलाय, तिथून पाइप पॅसेजमधून बाथरूमच्या खिडकीतून बिल्डिंगच्या डक्टमध्ये. रस्त्याकडच्या खिडकीतून पावसाचं झोडपणं आत येतं.

तळमजला
डक्टमध्ये! अहो, त्या डक्टमध्ये प्रत्येक मजल्याच्या बाथरूमची खिडकी उघडते. गरम धूर वर चढतो, म्हणजे तुम्ही तो थेट काकूंच्या बाथरूममध्ये सोडताय. त्या भांडत नाहीयेत, त्यांचा जीव गुदमरतोय. काही करण्याआधी तो पाइप तिथून काढा.

कोकणी_सुतार
स्वस्तात मस्त सांगतो. पाण्याचा ड्रम घ्या, पाइपचं तोंड पाण्यात बुडवा. धूर पाण्यात धुतला जातो. हुक्क्याचं तत्त्व.

निळी_रेघ
नाही जमणार. पाइप ५ सेंमी जरी बुडवला, तरी पंख्याला साधारण ४९० पास्कल दाब ढकलावा लागेल. बाथरूमचा पंखा त्याच्या कितीतरी कमी दाबालाच मान टाकतो. हवा अडेल आणि सगळा धूर खोलीत मागे फिरेल. लांब घडीच्या पाइपात आत्ता तेच होतंय.

कोकणी_सुतार
मग ब्लोअर लावा. माझ्या वर्कशॉपला चालतं, पुस्तकी हिशेब मला सांगू नका.

रेखाटन
विषय थोडा वेगळा आहे, क्षमस्व. लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'श्री' टाइप केलं की अक्षर तुटतं. मखरावर नाव कसं घालता?

मखरवाला
इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पाथ करा (अक्षरांच्या रेषा करा), मग तिकडे न्या. पण माझ्या पंख्याचं कुणीतरी बघा हो!

तळमजला
त्या गंजाचं माझ्या डोक्यातून जात नाही. नुसत्या दमट हवेने एवढ्यात बेअरिंग गंजत नाहीत. एमडीएफशिवाय आणखी काय कापता?

मखरवाला
लाकडी कीचेन. आणि रेक्झिनच्या डायऱ्यांवर नावं कोरतो, कंपन्यांच्या ऑर्डरी असतात. त्याचा काय संबंध?

तळमजला
सगळा संबंध आहे. रेक्झिन म्हणजे बहुतेक वेळा पीव्हीसीचा थर दिलेलं कापड. लेझरने पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. दमट हवेत त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. स्क्रूंवर तेच बसलंय आणि तुमच्या फुप्फुसातही तेच जातंय. तांब्याची तार पक्कडीत धरून लाल करा, रेक्झिनला टेकवा, परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे असं धरा. गच्चीवर करा, घरात नको.

बारा_बलुतेदार
उगाच घाबरवू नका. माझा मित्र वर्षानुवर्षं रेक्झिन कोरतोय, ठणठणीत आहे.

निळी_रेघ
मित्राच्या मशीनचे स्क्रू बघून या. तळमजला बरोबर बोलतायत, पीव्हीसीवर कुठलाही पंखा हा उपाय नाही. ते काम बंदच.

एमडीएफसाठी सांगतो. आधी मशीन प्लायच्या खोक्यात बंद करा. उघड्यावरचा धूर पंखा ओढणार तरी कसा? पुढे खालच्या बाजूला हवा आत यायला फट, मागे वरून पाइप. बघायच्या खिडकीला साधं पारदर्शक अॅक्रिलिक लावू नका, ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ते अडवत नाही. त्याच तरंगलांबीसाठी दिलेली नारिंगी शीट घ्या, चष्मासुद्धा. पंखा सेंट्रिफ्यूगल इनलाइन (पाइपाच्या मध्येच बसणारा, जास्त दाब ढकलणारा) घ्या आणि खिडकीपाशी बसवा. म्हणजे खोलीतल्या पाइपात ओढ राहते, जोड सैल असला तरी धूर घरात गळत नाही. खिडकीची एक काच काढून तिथे प्लाय, त्यात पाइप, बाहेर खाली वळलेला एल्बो आणि झडप. पाऊस येणार नाही. पाइप जेवढा आखूड आणि सरळ तेवढा बरा. आतून साफ करत राहा, तो चिकट काळा थर पेट घेतो. आणि मशीन चालू ठेवून जेवायला जाऊ नका, एवढं ऐकाच.

मखरवाला
ज्योत हिरवी झाली. लख्ख हिरवी. डायऱ्यांच्या ऑर्डरी परत करतोय. पाइप डक्टमधून काढला, काकूंना सांगून आलो. खोका सुतार उद्या देतोय. पण रस्त्याकडची खिडकी काकूंच्या बेडरूमच्या बरोबर खाली आहे. तिथून धूर वर गेला तर?

निळी_रेघ
जाणारच. आधी कणांसाठी साधा फिल्टर, मागे कार्बनचा जाड डबा, मग पंखा. कार्बनची पातळ चकती घेऊ नका, दाण्यांचा डबा घ्या. वास यायला लागला की दाणे बदलायचे. फिल्टरमुळे ओढ कमी होते, म्हणून पंखा घेताना पास्कलचा आकडा विचारा, नुसता इंचाचा नको. इमारतीला कोपरा असेल आणि दुसऱ्या बाजूला कुणाची खिडकी नसेल, तर तिकडून काढा. कितवा मजला आहे तुमचा?

मखरवाला
तिसरा, वर दोन आहेत. मागच्या बाजूला जिन्याची भिंत आहे, तिकडे कुणाचीच खिडकी नाही. पण त्या भिंतीला भोक पाडायचं तर सोसायटीची परवानगी लागेल ना?

तळमजला
लागेल. लेखी अर्ज करा, आणि काकूंची सही आधी घ्या.