तिसरा पोस्टडॉक घेऊ नका

कातळसडा

माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत 'बदली' होते. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर त्याच्या जागी आत शिरायचं, नाहीतर खोलीवर परत. अकरा वर्षं. गावी देवगडला मात्र सांगायचे, "गिरणीत आहे." तसं खोटंही नव्हतं.

यंदा गणपतीत भावकीतल्या एका काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तू हल्ली नक्की असतोस कुठे?" मी म्हटलं, "संशोधन संस्थेत आहे." आरती सुरू झाली म्हणून सुटलो.

तिसाव्या वर्षी सागरी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. झाली. मग अडीच वर्षं परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरची मुदतीची संशोधन-नोकरी, मग तीन वर्षं इथल्या एका संस्थेत रिसर्च असोसिएट (तोही पोस्टडॉकच). आता छत्तिसावं चालू आहे आणि तिसऱ्या पोस्टडॉकचं पत्र हातात आहे. ते मी नाकारतोय. का, ते सांगतो. पटलं नाही तर भांडा, त्यासाठीच लिहितोय.

एक साधा हिशोब. एक गाईड तीस वर्षांच्या नोकरीत दहा-पंधरा जणांना पीएच.डी. करवतो आणि निवृत्त होताना खुर्ची रिकामी करतो एकच. आपण सगळे त्या एका खुर्चीचं 'प्रशिक्षण' घेतोय. दरम्यान सरकारी प्रयोगशाळांत शास्त्रज्ञाच्या पहिल्या पायरीला खुल्या गटाची वयोमर्यादा ३२. ती पहिल्या पोस्टडॉकमध्येच मागे पडते. राहिलं प्राध्यापक होणं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत मुलाखतीला बोलावण्यासाठी जे गुण धरतात, त्यात शिकवण्याच्या किंवा पोस्टडॉकच्या अनुभवाला वर्षाला २ गुण, जास्तीत जास्त १०. पाच वर्षांत दहा झाले. सहाव्या वर्षाचं शून्य, सातव्याचंही शून्य. तिसरा पोस्टडॉक नेमका ह्या शून्यातच बसतो.

पैशांचं थोडक्यात: जानेवारी २०२३ पासून रिसर्च असोसिएटला ५८,०००, ६१,००० आणि ६७,००० अशा तीन पायऱ्या. घरभाडं वेगळं, महागाई भत्ता नाही. तिसऱ्या पायरीनंतर जिनाच नाही. हे पैसे कमी आहेत असं मी म्हणत नाही, माझ्या गावात तर नाहीच. पण ते वेळेवर येत नाहीत. एकदा सात महिने आले नव्हते आणि बायकोच्या पगारावर घर चाललं.

म्हणून माझं मत: पोस्टडॉकच्या पहिल्या आठवड्यात वहीच्या मागच्या पानावर तारीख लिहा, ह्यापुढे नाही. आणि पहिल्या दिवसापासून दुसरं काहीतरी शिका, गाईडला सांगून, चोरून नाही. ब्रिटनमध्ये संशोधकांच्या कराराची २०१९ची आवृत्ती आहे, त्यात व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान १० दिवस द्या असं म्हटलंय. मी हे माझ्या गाईडला दाखवलं. ते म्हणाले, "रविवार कशाला असतात?"

निवृत्त_पण_जागा

गिरणीची उपमा मनाला लागते, पण चुकीची आहे. बदली कामगार अकराव्या वर्षी तेच साचे चालवत असतो. दुसऱ्या प्रयोगशाळेत गेलेला संशोधक नवं तंत्र शिकतो, आणि महत्त्वाचं म्हणजे पहिल्यांदा स्वतःचा प्रश्न विचारायला लागतो. पीएच.डी.त प्रश्न गाईडचा असतो. माझ्या आयुष्यातलं जे काम आजही लोक उद्धृत करतात ते पीएच.डी.नंतरच्या पाचव्या वर्षातलं आहे. मागच्या पानावर तारीख लिहून बसलो असतो तर ते झालंच नसतं.

शास्त्राला वेळ लागतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचंच घ्या. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' आला १९८१ला. रत्ना पुन्हा हापूसशी संकरित करून 'सिंधू' आला १९९२ला. मधली ११ वर्षं कोणी तरी त्या झाडांखाली थांबलं म्हणून आला. पहिल्या दिवसापासून एक डोळा दाराकडे ठेवणाऱ्याच्या हातून असं काम होत नाही. दोन्ही डगरींवर हात ठेवला की काय होतं ते सांगायला नको.

कातळसडा

सर, थांबलं ते कोण? कृषी विद्यापीठाचे कायम नोकर. पगार एक तारखेला, रजा, निवृत्तिवेतन. मलाही त्या झाडाखाली अकरा वर्षं बसवा, तक्रार केली तर बोला.

निवृत्त_पण_जागा

हा मुद्दा मान्य. पण मग भांडण पदांच्या संख्येशी आहे, पोस्टडॉकशी नाही.

तासिकावाली

तुमचं भांडण चालू द्या, मी जरा खालच्या मजल्यावरून बोलते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. पीएच.डी. आहे, सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) आहे, एक पोस्टडॉकही आहे. तासाचे पैसे मिळतात, म्हणजे तास झाला तर. दिवाळी, उन्हाळा, परीक्षा हे सगळे बिनपगारी. जून उजाडला की नवं पत्र येतं का ह्याची वाट. गेटवर उभं राहणं म्हणाल तर ते हे, आणि आमच्या गेटावर ५८,००० मिळत नाहीत.

कातळसडा, तुम्ही नाकारताय ते पत्र माझ्यासारखीला स्वप्नात दिसतं. हातात दुसरं काही नसताना पहिलं सोडू नका, एवढंच. यूजीसीने २०२३मध्ये पुन्हा सांगितलं की सहायक प्राध्यापकाला नेट किंवा सेट पुरे, पीएच.डी. सक्तीची नाही. तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीत चोवीस वर्षांची मुलगी आली. हुशार आहे, चांगली शिकवते. आम्ही दोघी एकाच दराने तास घेतो.

आंबेवालो

पोस्टडॉक म्हंजे काय ता माका म्हायत नाय. पण हय एवढे डॉक्टर जमलेत तर एक इचारतंय. माझ्या सड्यावरच्या कलमांक साको (फळ आतसून खराब होता तो) जास्ती धरता आणि खालच्या कलमांक कमी. ह्या कित्याक?

ब्रेमेनकर

मूळचा गुहागरचा, सात वर्षं जर्मनीत. तारखेबद्दल बोलतो, कारण आमच्याकडे ती सरकारनेच लिहून ठेवली आहे. २००७च्या कायद्यानुसार विद्यापीठांतली मुदतीची करारपत्रं पीएच.डी.च्या आधी सहा वर्षं आणि नंतर सहा वर्षं. मुलं असतील तर थोडी वाढ मिळते. बारा वर्षं भरली की साधारणपणे एकतर कायम व्हा, नाहीतर बाहेर. कल्पना अशी होती की ह्या धाकाने तरी विद्यापीठं माणसं कायम करतील. झालं उलटं. माणूस कामात तरबेज होतो नेमका तेव्हा त्याला निरोपाचा केक मिळतो, आणि त्याच्या जागी नवा.

शिक्षण खात्याने हे समजावणारी एक चित्रफीत काढली होती, हॅना नावाच्या काल्पनिक संशोधिकेची. एका पिढीने सगळ्या जागा अडवून ठेवू नयेत, व्यवस्था तुंबू नये, असा त्यातला सूर. २०२१मध्ये लोक पेटले. 'मीच हॅना' म्हणून हजारोंनी आपापल्या कहाण्या मांडल्या. तेव्हा तारीख लिहायला सांगताना जपून. ती भिंतीवर गेली की कोणाच्या तरी सोयीची होते.

कातळसडा

मी लिहिलेली तारीख माझी आहे, हवी तर मी खोडीन. तुमच्यावर लादलेली खोडता येत नाही. फरक तेवढाच, पण तो आहे.

मुर्डी_फाटा

आमच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे र. पु. परांजपे १८९९ला केंब्रिजला सिनियर रँग्लर (गणितात पहिले) झाले. तिथे सगळं मिळालं असतं, तरी परत आले. फर्ग्युसनचे प्राचार्य म्हणून अनेक वर्षं काढली. आताच्या पिढीला सगळं आधी हातात हवं.

तासिकावाली

परत आले ते पुण्याला. मुर्डीला नाही.

पेटंट_आणि_पेज

मी बाहेर पडलेल्यांपैकी. चिपळूणला घरी बसून पेटंटचं काम करते. कसं झालं ते सविस्तर लिहिते, कारण 'दुसरं काहीतरी शिका' असं सगळे म्हणतात आणि पुढे कोणी बोलत नाही.

पोस्टडॉकच्या दुसऱ्या वर्षी मुलगी झाली. परत आले तर माझं बाकडं दुसऱ्याला दिलेलं. (कोणी वाईट नव्हतं, बाकडं कमी होती.) तेव्हा विज्ञान खात्याची एक योजना होती, काम सुटलेल्या विज्ञान-पदवीधर स्त्रियांना वर्षभर बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण, विद्यावेतनासकट. वयाची अट २७ ते ४५. पंचेचाळीस हा आकडा मी तीनदा वाचला. तोपर्यंत प्रत्येक जाहिरातीने मला म्हातारी ठरवलं होतं.

वर्षभरात शिकले ते असं: एखादा शोध खरंच नवा आहे का, हे जुन्या कागदपत्रांत खणून काढणं, आणि दाव्याचं एक वाक्य असं लिहिणं की त्यातला 'आणि' हलवला तर हक्क बदलतो. मग पेटंट एजंटची परीक्षा, दोन लेखी आणि एक तोंडी. पहिल्या वेळी नापास झाले. कायदा पाठ होता, मसुदा लिहिता येत नव्हता.

पोस्टडॉक कामाला आला का? आला. एखादा कागद डोळ्यांखालून घातला की ह्यात नियंत्रण-प्रयोग नाही हे दहा मिनिटांत कळतं, ते तिथलंच. पण तिथे झालेल्या करिअर-कार्यशाळांचा उपयोग शून्य. एक बाई दिल्लीहून यायच्या, बायोडेटाची मांडणी शिकवायच्या आणि चहाबरोबर समोसा. त्यापेक्षा मला कोणी आठवड्यातली एक दुपार पेटंट कार्यालयात बसू दिली असती तर तीन वर्षं वाचली असती.

कातळसडा, तुमच्या हिशोबात एक गोष्ट नाही. ३० ते ३५ ह्या वयात बाईच्या वहीत मागच्या पानावर आधीच दोन-तीन तारखा दुसऱ्यांनी लिहिलेल्या असतात.

(२२ जुलै २०२१च्या पुरात तळमजला पाण्यात गेला. हार्ड डिस्क माळ्यावर होती. हे उगाच सांगतेय, पण कोकणात घरून काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.)

निवृत्त_पण_जागा

बायोडेटाच्या कार्यशाळांबद्दल पूर्ण सहमत. अमेरिकेत पोस्टडॉकने वैयक्तिक विकासाचा आराखडा लिहायचा अशी पद्धत आहे. तिथली आरोग्य-संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था एनआयएच २०१४पासून अहवालात विचारते, तुम्ही असे आराखडे वापरता का. आमच्याकडे एकाने ती टूम आणली. सगळ्यांनी एकमेकांचे आराखडे उतरवून काढले, मी सह्या केल्या. त्यात माझाही दोष.

आंबेवाले, सड्यावर कातळ तापतो आणि खालची धग फळाला लागते, हे एक कारण धरतात. बुंध्याभोवती गवताचं, पानांचं आच्छादन करा. आणि फळ चौदा आण्यांना उतरवा, झाडावर जास्त राहिलं की साका वाढतो.

आंबेवालो

पानांचो थर घातलंय. चवदा आण्याकच काढतंय. तरी आसाच.

कोळंबीचं_बी

उशिरा आलो. माझी रायगडात खाडीकाठी छोटी तपासणी प्रयोगशाळा आहे. कोळंबी तलावात सोडायच्या आधी बियाण्यात पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आहे का ते पीसीआरवर बघून देतो. आतापर्यंत तीन पीएच.डी.वाले घेतले, दोघांचे पोस्टडॉकही झालेले. एकच टिकला.

का गेले? पगारामुळे नाही. बियाण्याची गाडी दुपारी येते, पिशव्यांतला प्राणवायू मोजका, तलाववाला दारात उभा. त्याला संध्याकाळी हो की नाही हवं. आमचे डॉक्टरसाहेब म्हणायचे, विषाणूची पट्टी जरा फिकट आहे, उद्या तीनदा करून सांगतो. उद्यापर्यंत बी मेलेलं असतं. शंका घेणं त्यांना उत्तम येत होतं, शंका असताना सही करणं येत नव्हतं. हे कुठल्या पोस्टडॉकमध्ये शिकवतात?

म्हणून माझं मत दोघांच्याही विरुद्ध. तिसरा काय, दुसराही नको. एक करा आणि या. तिशीत येणारा शिकतो, छत्तिशीत येणारा आम्हाला शिकवतो.

निवृत्त_पण_जागा

आणि फिकट पट्टीला 'नाही' म्हणून सही केली आणि सगळा तलाव मेला तर? त्या दोघांचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही त्यांना निर्णयाची रेषा लिहून दिली होती का? किती फिकट म्हणजे पुन्हा, किती फिकट म्हणजे बाद?

कोळंबीचं_बी

लिहून नव्हती दिली. तोंडी सांगायचो.

निवृत्त_पण_जागा

मग ते काम करायला तुम्हाला पोस्टडॉकच हवा. दोन-तीन महिने, शंभर-दोनशे नमुने, ज्यांचं पुढे तलावात काय झालं ते माहीत आहे असे. रेषा निघेल.

ब्रेमेनकर

म्हणजे तिसरा पोस्टडॉक.

कातळसडा

हसलो. पण कोळंबीवाले, पगार एक तारखेला होतो का, एवढं सांगा. आणि जुने नमुने गोठवून ठेवलेत की टाकले?

कोळंबीचं_बी

पगार पाच तारखेपर्यंत, कारण तलाववाल्यांकडे माझी उधारी असते. दोन वर्षांचे नमुने आहेत, पण मे महिन्यात वीज जायची तेव्हा फ्रीजर किती वेळा बंद पडला ते विचारू नका. छत्तीस वर्षांचा माणूस घेणार नाही म्हणालो खरा, पण येऊन बघून जा. सोमवारी नको, सोमवारी गाडी आहे. की सोमवारीच या, म्हणजे दिसेल.

कातळसडा

सोमवारी येतो. पत्राला नकार पाठवलेला नाही अजून, शुक्रवारपर्यंत मुदत आहे. तासिकावाली, तुमचं ऐकलं.

आंबेवालो

बरा झाला सगळ्यांचा. माझ्या साक्याचा काय?

पेटंट_आणि_पेज

आंबेवाले, सड्यावरची आणि खालची कलमं एकाच वयाची आहेत का? आणि दोन्हीकडे कल्टार (मोहोरासाठीचं औषध) घालता का?

आंबेवालो

सड्यावरची घातलेली हत. खालची नाय. ता कोणी इचारूकच नाय माका.