बिल ब्रूफर्डने १९७२ला येस सोडला, ते बरोबरच केलं

साडेसात मात्रा:
जुलै १९७२. येस या ब्रिटिश रॉक बँडच्या 'क्लोज टू द एज'चं रेकॉर्डिंग झालेलं, अल्बम अजून बाजारात यायचाय, अमेरिकेचा दौरा तोंडावर. अशा वेळी २३ वर्षांचा ड्रमर बिल ब्रूफर्ड येस सोडून किंग क्रिम्झन या दुसऱ्या रॉक बँडमध्ये गेला. परवा मित्र म्हणाले, हातचं घालवलं. मला हे अजिबात पटत नाही. अठरा मिनिटांचं ते शीर्षकगीत त्यांनी तुकड्यातुकड्यांनी वाजवून, टेपा जोडून उभं केलं होतं. त्याच्यापुढे तिथे काय करायचं उरलं होतं? तेच पुन्हा, जरा मोठं करून?

जुनी कॅसेट:
सहमत नाही. दौरा काही दिवसांवर असताना सगळे अवघड ठेके त्याच्या जागी आलेल्या ॲलन व्हाइटला बसवावे लागले. आणि व्हाइट २०२२मध्ये जाईपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं, येसमध्येच राहिला. त्याची कुणी आठवण काढत नाही. उलट किंग क्रिम्झन त्याच्या गिटारवादक म्होरक्याने, रॉबर्ट फ्रिपने, १९७४लाच मोडला. मिळवलं काय?

साडेसात मात्रा:
किंग क्रिम्झनची 'ट्रिओ' ही रचना ऐका. नोव्हेंबर १९७३, ॲमस्टरडॅम, मंचावर सुचेल तसं वादन चाललंय. ब्रूफर्ड काठ्या छातीशी धरून बसून राहिला, एक ठोकाही दिला नाही. त्या संयमासाठी बाकीच्यांनी रचनाकारांत त्याचंही नाव घातलं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रेकॉर्ड परत लावली, आणि ती शांतता वेगळीच ऐकू आली. ती येसमध्ये त्याला कुठून मिळणार होती?

घाटावरचा:
मग १९८९ला अँडरसन, वेकमन, हाउ या येसमधल्याच जुन्या साथीदारांबरोबर पुन्हा कशाला? १९९१च्या येसच्या दौऱ्यातही होताच की.

मधली सम:
होता, पण त्याचं मन अर्थवर्क्स या त्याच्या स्वतःच्या जॅझ बँडमध्ये होतं असं मी मानते. १९८६पासून जँगो बेट्स, इयन बॅलमी अशा तरुण जॅझवाल्यांना घेऊन लहान सभागृहांत वाजवणं, हे काही प्रसिद्धीसाठी कुणी करत नाही. २००९ला जाहीर वादन थांबवलं, मग ड्रमवादकाची सर्जनशीलता हाच विषय घेऊन २०१६ला सरे विद्यापीठातून पीएचडी. आणि पुढे पुन्हा काठ्या हातात, गिटारवादक पीट रॉथच्या त्रिकुटात.

जुनी कॅसेट:
पीएचडीबद्दल आदरच आहे. तरीही येसच्या 'हार्ट ऑफ द सनराइज'मधला त्याचा तो खणखणीत स्नेअर ड्रम वाजला की वाटतं, निदान आणखी एका अल्बमपुरता थांबायला हवा होता.