टॅपेट सेटिंग: आवाज गेला म्हणजे झालं असं नाही

मोटरसायकलचे टॅपेट (वाल्व उघडणाऱ्या रॉकर नावाच्या दांडीच्या टोकाचे, वाल्वपाशी गॅप ठरवणारे स्क्रू) वाजायला लागले की 'आवाज बंद होईपर्यंत स्क्रू आवळा' असं कुणी कुणी सुचवतं, तसं करू नका. टॅपेट थोडा वाजला तर फार बिघडत नाही. घट्ट राहिला तर एक्झॉस्ट वाल्व (जळका धूर बाहेर सोडणारा) सीटवर, म्हणजे मिटल्यावर टेकतो त्या कड्यावर, नीट बसत नाही, उष्णता हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) जात नाही आणि वाल्व जळतो.

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. मॅग्नेटवरची (इंजिनाच्या बाजूच्या फिरत्या चाकावरची) 'टी' खूण, म्हणजे पिस्टन सर्वात वर असल्याची खूण, केसिंगवरच्या खुणेशी जुळवल्यावर दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर पिस्टन कॉम्प्रेशनवर (दोन्ही वाल्व बंद असतात त्या फेऱ्यावर) नाही, मॅग्नेटला आणखी एक पूर्ण फेरा द्या.

गॅप मॅन्युअलमधलाच घ्या. होंडा सी-९० ला 0.05 मिमी लागतो. लॉकनट (स्क्रू जागी धरणारा नट) आवळताना स्क्रू हमखास फिरतो, म्हणून तो धरून ठेवा आणि नट आवळल्यावर फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पाती) पुन्हा घालून बघा. पाती किंचित अडकत सरकायला हवी.

(बुलेट यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेली) असेल तर पाने (स्पॅनर) परत ठेवा, तिचे टॅपेट हायड्रॉलिक आहेत, तेलाच्या दाबाने स्वतःच जुळतात.)